शाळा म्हणजे कारखाना, हे सांगितलं कुणी?

वाचकाचं पत्र

ताई, माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे. अभ्यासात मध्यम. वाचताना अडखळतो आणि भागाकार अजून जमत नाही. गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी पालकांसाठी मोफत व्याख्यान होतं. हे तिथं जाऊन आले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शाळा ही मुळात प्रशियात निघाली, कारखान्यांना मुकाट काम करणारे मजूर मिळावेत म्हणून. मग मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याने ती आपल्या गळ्यात बांधली. दोनशे वर्षांत सगळं जग बदललं, फक्त वर्ग तसाच राहिला, असं तिथं पडद्यावर दाखवलं म्हणे. शेवटी टॅब्लेट आणि ॲपचं तीन वर्षांचं पॅकेज, ३८ हजार रुपये, हप्त्याने. ह्यांनी नाव नोंदवून दोन हजार भरलेसुद्धा. आता म्हणतात, टॅब्लेट आला की पोराला शाळेत नुसतं हजेरीपुरतं पाठवायचं. सासरे मेकॉलेचा मेसेज सगळ्या ग्रुपवर टाकत असतात. मी बारावी शिकलेली. हे दोघं इतिहास सांगायला लागले की माझी वाचा बसते. पण आतून वाटतं, काहीतरी चुकतंय. त्यांचं खरं आहे का? मी काय करू?

एक आई, फलटण तालुका

उत्तर

ताई,

आधी एक काम करा, मग हे पुढचं वाचा. नोंदणीच्या वेळी यजमानांनी ज्या कागदावर किंवा मोबाइलवर सही केली, तो कागद शोधून काढा आणि ३८ हजार नेमके कुणाला द्यायचे आहेत ते बघा. अशा पॅकेजमध्ये पुष्कळदा हप्ता कंपनीचा नसतोच. तिसऱ्याच वित्तसंस्थेने तुमच्या नावावर दिलेलं ते कर्ज असतं. मुलाने ॲप उघडणं बंद केलं तरी कर्ज चालूच राहतं. कर्जावर सही झाली नसेल तर थांबा. झाली असेल तर रद्द करायची मुदत किती आहे ते वाचा आणि आजच लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आता इतिहास. तुम्ही बारावी शिकलेल्या आहात आणि या वादाला तेवढं शिक्षण भरपूर आहे. चार सनावळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की पडद्यावरची गोष्ट आपोआप उलगडते.

प्रशिया म्हणजे आजच्या जर्मनीच्या भागातलं जुनं राज्य. तिथल्या राजाने, दुसऱ्या फ्रेडरिकने, गावोगावच्या मुलांना शाळा सक्तीची करणारा हुकूम काढला १७६३ मध्ये. तेव्हा प्रशिया हा शेतकऱ्यांचा आणि सैनिकांचा देश होता. पाण्याच्या शक्तीवर चालणारी आर्कराइटची सूतगिरणी इंग्लंडात क्रॉमफर्डला उभी राहिली, तीच मुळी १७७१ मध्ये. म्हणजे ज्या कारखान्यांसाठी शाळा काढली म्हणतात, ते कारखाने हुकूम निघाला तेव्हा नव्हतेच. राजाला काय हवं होतं? लोकांनी धर्मग्रंथ वाचावा, देवाला आणि राजाला मानावं, हे हवं होतं. आज्ञाधारक प्रजा हवी होती, हा आरोप मी खोडणार नाही. पण कामगार घडवायचे होते, हे पुढच्या लोकांनी मागाहून चिकटवलेलं आहे.

दुसऱ्या बाजूला इंग्लंड बघा. जगात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त कारखाने त्या देशात. तिथे मुलांना शाळा सक्तीची कधी झाली? १८८० मध्ये. प्रशियानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. शाळेचा शोध कारखान्यासाठी लागला असता, तर सगळ्यात जास्त घाई इंग्लंडातल्या गिरणीमालकांना झाली असती. त्यांना घाई नव्हती, कारण मुलं त्यांच्या गिरण्यांत आधीच कामाला होती.

हेच आपल्या मुंबईत घडलं, आणि हा भाग तुम्ही घरात जरूर सांगा. कावसजी दावरांची पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६ मध्ये चालू झाली. तोवर शाळा काढणाऱ्या आणि पुस्तकं छापणाऱ्या मुंबईच्या शाळा-पुस्तक मंडळीला चौतीस वर्षं झाली होती. ती १८२२ ची. पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली १८४८ मध्ये. गिरणी मागून आली. आणि आल्यावर तिने मुलांना शाळेत धाडलं नाही, खात्यात उभं केलं. १८८१ चा कारखाने कायदा काय म्हणत होता ते ऐका. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये. ही सुधारणा होती, ताई! सात वर्षांचं पोर नऊ तास गिरणीत. म्हणजे त्याआधी काय चालत असेल त्याची कल्पना करा. तुमच्या मुलाहून तीन वर्षांनी लहान.

कायद्याच्या पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी मागणी केली, की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्ती सुरू केली आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. देशपातळीवर तो मुलांचा हक्क म्हणून अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला. सक्तीच्या शाळेसाठी आपल्याकडे कोण झगडलं, ती नावं ही. यातला एक तरी माणूस गिरण्यांना मजूर पुरवायला निघाला होता का, एवढं यजमानांना विचारा. पोरांना गिरणीतून आणि गुरांमागून सोडवून पाटीवर आणायचं, म्हणून ही माणसं झिजली. त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर पडद्यावरच्या एका चित्राने बोळा फिरवावा, याचा मला मनापासून राग येतो.

मग शाळेला कारखाना म्हणायची रीत आली कुठून? अमेरिकेतून, आणि ती शिवी म्हणून आली नाही. १९१६ मध्ये एलवूड कबर्ली नावाच्या, शाळा-प्रशासन शिकवणाऱ्या नामांकित प्राध्यापकाने शाळेची तुलना कारखान्याशी केली. मूल हा कच्चा माल, शाळेत त्याला घडवायचं, आणि काम चोख, काटकसरीत व्हायला हवं, असा त्याचा भाव होता. तो कौतुकाने बोलत होता. नंतरच्या टीकाकारांनी तोच शब्द उलटा धरला आणि मग तो जणू शाळेच्या जन्माचा दाखला असल्यासारखा फिरू लागला.

मात्र शिक्षणाच्या इतिहासात यंत्रासारखी चालणारी एक शाळा खरोखर होऊन गेली आणि तिची मुळं आपल्याच मातीत आहेत. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासला एग्मोरच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. सैनिकांच्या मुलांची ती शाळा होती. एकदा तिथल्याच एका देशी शाळेसमोरून जाताना त्याने पाहिलं, की मुलं जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरं काढताहेत. आपण याला धुळाक्षरं गिरवणं म्हणतो. पंतोजींच्या शाळेत हेच चालायचं. फळीवर धूळ पसरायची, अक्षर काढायचं, हाताने पुसायचं, पुन्हा काढायचं. ना कागद, ना शाई, ना खर्च. थोरली मुलं धाकट्यांना अक्षरं दाखवत आणि संध्याकाळी परवचा म्हणवून घेत. बेल परत आला आणि त्याने आपल्या मास्तरांना असं शिकवा म्हणून सांगितलं. ते काही मनावर घेईनात. तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलाला लहानग्यांपुढे बसवलं आणि वाळूत मुळाक्षरं शिकवायला लावली. ते जमलं. १७९७ मध्ये त्याने लंडनला हा अनुभव छापला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये अशाच तऱ्हेची शाळा काढली. मोठं दालन, शेकडो मुलं, मास्तर एकच, आणि त्याच्या हाताखाली थोरली मुलं पढवायला. फिरून तीच पद्धत मुंबईच्या शाळांत लँकेस्टरच्या नावाने साहेबी म्हणून आली.

ती पसरली, कारण ती स्वस्त होती. आणि मागे पडली, कारण नऊ वर्षांचं मूल सात वर्षांच्या मुलाकडून घोकून घेऊ शकतं, पण ते कुठे अडलंय हे त्याला कळत नाही. मग शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेले शिक्षक तयार करायची वाट धरावी लागली. एक मास्तर आणि हजार पोरं हे त्या काळचं मोठं आकर्षण होतं. आता व्याख्यानात दाखवलेलं ॲप आठवा: पडद्यावर एक शिक्षक आणि समोर लाखो पोरं. कारखान्याची उपमा द्यायचीच तर ती कुणाला जास्त शोभते, हे मला तुमच्या घरातच ठरलेलं हवं आहे.

आता सासऱ्यांचा मेसेज. तो मीही पाहिलाय. मेकॉले म्हणे २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत म्हणाला, की मी हिंदुस्थान उभा-आडवा फिरलो, मला एक भिकारी दिसला नाही, एक चोर दिसला नाही, यांचा कणा मोडायचा तर यांचं शिक्षण मोडलं पाहिजे. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. तो १८३४ च्या जूनमध्ये जहाजाने मद्रासला उतरला होता आणि थेट १८३८ पर्यंत हिंदुस्थानातच होता. तेव्हा बोटीचा एका बाजूचा प्रवासच चार महिन्यांचा. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख खरी आहे, पण ती त्याने कलकत्त्यात लिहिलेल्या टिपणाची आहे. १८१३ च्या सनदेने शिक्षणासाठी ठेवलेले वर्षाचे एक लाख रुपये संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर, असा त्या टिपणाचा विषय. भिकारी आणि चोर त्यात कुठेही नाहीत.

टिपणात जे आहे तेही चीड आणणारंच आहे. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाच्या तोडीचं आहे, असं त्याने लिहिलं. रंगारूपाने हिंदी पण आवडीनिवडीने, विचाराने इंग्रज असा एक वर्ग तयार करावा, हेही त्यात आहे. सासऱ्यांचा राग खोटा नाही, त्यांच्या हातात दिलेला पुरावा खोटा आहे. त्यांना तसंच सांगा, पण एकट्याजवळ, ग्रुपवर नको. "बाबा, मेकॉलेने जे खरंच लिहिलंय ते पुरेसं वाईट आहे, मग हे बनावट कशाला फिरवायचं?" वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं की ते तुमच्या बाजूला कधीच येणार नाहीत.

त्या मेसेजचा दुसरा अर्धा भाग असा, की साहेब येण्याआधी आपल्याकडे सगळे शिकलेले होते. याला आकडे आहेत. मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने १८२२ पासून आपल्या इलाख्यातल्या देशी शाळा मोजून घेतल्या. १८२६ मधला त्याचा हिशेब असा: १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी, लोकसंख्या सव्वा कोटीच्या वर. म्हणजे हजार माणसांमागे जवळपास एक शाळा. युरोपातल्या बहुतेक देशांत काही काळापूर्वी जी स्थिती होती तिच्यापेक्षा ही बरी, असं खुद्द मन्रोनेच नोंदवलं. तेव्हा आपण अडाणी होतो हेही झूट. पण त्या एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांत मुली किती? ४,५४०. आणि त्याच्याच अंदाजाने शाळेच्या वयाच्या मुलग्यांतला पाव हिस्सा शाळेत, घरी शिकणारे धरले तर तिसरा हिस्सा. बाकीचे बाहेर. आपल्याकडे १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. पंतोजीच्या ओसरीवर तिला कुणी चढू दिलं असतं का? जुनी शाळा सोन्याची होती म्हणणारा आणि नवी शाळा कारखाना आहे म्हणणारा, दोघंही या मुलीला विसरतात.

'वर्ग तसाच राहिला' या वाक्यावर मात्र मला माझंच सांगावंसं वाटतं, कारण त्या वर्गात मी नोकरी काढली. पडद्यावर दोन फोटो दाखवतात ना, शंभर वर्षांपूर्वीचा फळा आणि आजचा फळा? १९८६ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, तेव्हाच्या सरकारी पाहणीप्रमाणे देशातल्या शंभरातल्या जवळपास चाळीस प्राथमिक शाळांत फळाच नव्हता. म्हणून १९८७ मध्ये खडू-फळा योजना आणावी लागली: निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा, नकाशे. माझ्या पहिल्या शाळेत फळा होता, पण पांढरा पडलेला. दर पंधरवड्याला मुलं जुने सेल फोडून त्यातली काळी पूड आणायची, कुणी पाला आणायचं. पूड आणि पाल्याचा रस मिळून फळ्यावर चोळायचा, उन्हात वाळवायचा, मग सोमवारी अक्षर उठून दिसायचं. पोरांचे हात दोन दिवस काळे. आज तुमच्या मुलाच्या शाळेत त्याला शिजवलेलं अन्न मिळतं, बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात, त्याला छडी मारायला कायद्याने मनाई आहे, आणि त्याच्या बाकाशेजारी मुली बसतात. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्या वर्गात हे होतं?

आणि गंमत म्हणून नाही, अगदी गांभीर्याने सांगते, हे नव्या यंत्राचं आश्वासनही शंभर वर्षांचं जुनं आहे. १९१३ मध्ये एडिसनने जाहीर केलं, की शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं शिक्षण चलच्चित्रांतून होईल आणि दहा वर्षांत शाळा पार बदलेल. १९२० च्या दशकात अमेरिकेत सिडनी प्रेसी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने प्रश्न विचारून उत्तर तपासणारं यंत्र बनवलं. त्याची तक्रार काय होती माहीत आहे? सगळे धंदे यंत्रावर गेले, शिक्षण मात्र अजून हातकामाच्याच पायरीवर आहे, तिथे औद्योगिक क्रांती आली पाहिजे. म्हणजे शाळा पुरेशी कारखान्यासारखी नाही, अशी यंत्रवाल्यांची तक्रार होती! आज त्यांचेच वारस शाळा फार कारखान्यासारखी आहे म्हणतात आणि विकायला यंत्रच आणतात. १९५३ मध्ये बी. एफ. स्किनर मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास बघायला गेला, अस्वस्थ होऊन परतला आणि पुढच्या वर्षी त्याने आपलं शिकवण्याचं यंत्र लोकांपुढे मांडलं. प्रत्येक मूल आपापल्या गतीने, चुकलं की लगेच कळणार. तुमच्या पॅकेजच्या पत्रकावरचं वाक्य याहून वेगळं आहे का, ते वाचून बघा.

आपल्या देशातही १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्हीचे कार्यक्रम दाखवले गेले. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. २०१७ मध्ये ती बंद पडली.

आमच्या शाळेत टीव्ही आला तो दिवस मला लख्ख आठवतो. सरपंचांनी नारळ फोडला, टीव्हीला हळदीकुंकू लावलं, मुख्याध्यापकांच्या पत्नीने त्याच्यासाठी भरतकामाचा रुमाल शिवून दिला. कार्यक्रमाच्या वेळेला वीज असेलच असं नाही. वीज असली तर अँटेना वाऱ्याने फिरलेली आणि पडद्यावर मुंग्या. महिन्याभरात टीव्ही कपाटात गेला, रुमालासकट. पण एक दिवस तो लागला आणि त्यावर समुद्र दिसला. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नव्हता. वीस मिनिटं कुणी हललं नाही. संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, लाट माघारी जाती तवा पाणी कुठं जातं?" मला पटकन सांगता येईना. मग आम्ही परातीत पाणी घेतलं, हलवलं, बघत बसलो, आणि गणिताचा तास त्यातच गेला. टीव्ही नसता तर तो प्रश्न आलाच नसता. पण त्या प्रश्नाचं पुढे काय झालं, ते टीव्हीला करता आलं नसतं.

म्हणून मी यंत्राच्या विरोधात नाही, हे नीट लक्षात घ्या. मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ च्या सुमारास 'प्रथम' संस्थेच्या कामाचा मोठा अभ्यास झाला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं वर्गातून वेगळी काढायची आणि वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या एका मुलीने, बालसखीने, रोज दोन तास त्यांच्याकडून पायाभूत वाचन आणि गणित करून घ्यायचं. मुलं सुधारली. बडोद्यात आणखी एक प्रयोग केला: आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं, ज्याच्या-त्याच्या पातळीचे गणिताचे खेळ. गणित चांगलंच सुधारलं. प्रयोग थांबल्यावर त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासातलं. दोन्हींत समान काय होतं? मूल कुठे अडलंय तिथपर्यंत कुणीतरी उतरून गेलं. उलट पेरूमध्ये सरकारने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांच्या पाहणीत, २०१२ साली, भाषा-गणितात काही फरक दिसला नाही.

व्याख्यानात 'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के' असा त्रिकोणही दाखवला असेल. अशा ठिकाणी तो असतोच. तो एडगर डेल यांच्या नावावर खपवतात. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू काढला होता खरा, पण त्यात टक्केवारी अजिबात नव्हती. आकडे दुसऱ्यांनी मागून भरले.

आता घरचं. यजमानांशी प्रशियावरून भांडू नका. त्यांनी दोन हजार भरले ते पोराच्या काळजीने भरले. आपला मुलगा मागे पडेल ही त्यांची भीती खरी आहे आणि व्याख्यात्याने नेमकं तिच्यावर बोट ठेवलं. "तुम्ही फसलात" हा शब्द तोंडातून काढू नका. "पोराचं अडलंय हे तुम्हालाच आधी दिसलं, आता कुठे अडलंय ते बघू," असं म्हणा. हे खोटं बोलणं नाही. तसंच आहे ते.

दोघं मिळून शाळेत जा. तक्रार घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. वर्गात पट किती, शिक्षक किती मंजूर आणि प्रत्यक्षात किती, एका शिक्षकाकडे किती वर्ग, बाईंचे किती दिवस दुसऱ्या सरकारी कामांत जातात, हे विचारा. तुमच्या शाळेचे खरे दोष असतील तर ते इथे सापडतील, मेकॉलेच्या टिपणात नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. तुम्ही बारावी झालेल्या आहात. पुढच्या निवडीला उभ्या राहा. रिकामी जागा भरा असा ठराव समितीतून वर जातो तेव्हा त्याला शिक्का असतो. स्वयंपाकघरात बोललेल्याला नसतो.

हजेरीपुरती शाळा हा विचार मात्र ठामपणे मोडून काढा. इथे नमतं घेऊ नका. दिवसभर घरात एकटा पडद्यासमोर बसलेला दहा वर्षांचा मुलगा आणि शेतावर गेलेले आईबाप, हे चित्र मला बघवत नाही. भागाकाराइतकंच त्याला मित्रांशी भांडून परत गट्टी करणं शिकायचंय.

वाचनासाठी रोज रात्री पंधरा मिनिटं. तो एक परिच्छेद मोठ्याने वाचेल, तुम्ही एक वाचाल. मराठीचं पुस्तक, वर्तमानपत्र, काहीही. चुकलेला शब्द लगेच दुरुस्त करू नका, वाक्य संपू द्या.

आणि भागाकार यजमानांकडे सोपवा. या रविवारी त्यांना दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये घेऊन मुलासमोर बसू द्या. बावन्न रुपये चौघांत सारखे वाटायचे. चार ठिकाणी एक-एक नोट ठेवून झाली की एक नोट हातात उरेल. इथं काही बोलायचं नाही, थांबायचं. ती नोट मोडायची असते हे त्याला आपणहून सुचतं का, तेवढं बघायचं. सुचलं तर त्याचं अडलंय ते फक्त वहीतल्या मांडणीत, आठवड्याचं काम. नाही सुचलं, तर त्याचा दशकच कच्चा राहिलाय, म्हणजे तिसरीपासून पुन्हा यायचं, आणि तेही न रागावता. वडिलांनी दहा सुटे रुपये खिशात तयार ठेवावेत. मुलाने नोट पुढे केली की मोजून द्यावेत, आणि आधीच्या दोन रुपयांत मिळवून ते बारा त्याला त्याच्या हाताने वाटू द्यावेत.

तो नोटेपाशी थांबला की पुढे गेला, ते मला कळवा.